रिकाम्या कॅनमधली थंडी

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी हसायला म्हणून वाचतो. पांढरी साडी, उलटे पाय, कुत्र्याचं रडणं... माफ करा, पण शाळेच्या गॅदरिंगला याहून बरी भुतं असतात. आता स्वतःचीच फजिती झाली, म्हणून लिहितोय.

मी सांगलीत एका लॅबमध्ये टेक्निशियन. कॅन्सरच्या गाठीचा तुकडा काढल्या काढल्या गोठवायचा, म्हणजे पुढे त्यातल्या जनुकांची तपासणी होते आणि कुठलं औषध लागू पडेल ते कळतं. तुकडा तापला की संपलं... मग तो आणि खाटकाकडचं मटण सारखंच.

आटपाडीच्या धोंडाबाईंचा तुकडा आणायचा होता. भर उन्हाळा. आमचा द्रव नायट्रोजनचा कॅन गळका, म्हणून मावसभावाचा उसना घेतला. तो गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या मात्रा त्यात ठेवतो.

"फुल्ल हाय गड्या!"

या माणसाने आयुष्यात पेट्रोलची टाकी कधी फुल्ल केलेली नाही. तरी मी विश्वास ठेवला! आत पट्टी बुडवून पातळी बघायची असते. पण आटपाडीच्या दवाखान्यात नर्ससमोर मी तज्ज्ञ होतो ना.

धोंडाबाई खाटेवरून म्हणाल्या, "जपून न्हे रं. पुन्यांदा कापू द्यायची न्हाई मी." डॉक्टरही म्हणाले, पुन्हा भूल झेपणार नाही.

"मावशी, उणे एकशे शहाण्णव डिग्री!" मी ऐटीत झाकण लावलं.

सांगलीत उघडलं तर... वाफच नाही. कॅन उलटा केला. थेंब नाही. आतून कोमट, जेवणाच्या डब्यासारखा. तुकड्याच्या ट्यूबवर मात्र बर्फाचा पांढरा थर — बोटाला चिकटली!

ती डीप फ्रीजरमध्ये ठेवतोय, तोच धोंडाबाईंच्या मुलाचा फोन. फौजेतून सुट्टीवर आलेला.

"साहेब, तुमी गेल्यापास्नं आई लय कुडकुडत हुती. ताप न्हाई, काय न्हाई. घोंगडीवर घोंगडी घातली. आत्ता एकदम थांबली बघा."

भूल उतरताना थंडी वाजते, हे मलाही कळतं. पण मावसभावाने नंतर कबूल केलं, कॅन कधीचाच आटलेला होता. तुकडा मात्र उत्तम निघाला. औषध लागू पडलं, बाई पुन्हा शेरडांमागं फिरतात. त्या बर्फाचं कारण मला आजही सापडलेलं नाही. आणि कृपा करून 'शक्ती' वगैरे कमेंट टाकू नका, लगेच ब्लॉक करीन.

उरलेला तुकडा आमच्याच फ्रीजरमध्ये आहे. परवा दुपारी लाइट गेली, तेव्हा या शहाण्याने जनरेटरआधी आटपाडीला फोन लावला.

"मावशी, बऱ्या हायसा ना?"

"मला काय धाड भरलीया? उलिसं उकडाय लागलंय, येवढंच... लाइट गेली व्हय रं तुमची?"