मार्लिस नको म्हणाली

अमेरिकेत उत्तरेला, मिनेसोटातल्या आमच्या सार्वजनिक रेडिओ केंद्राला जाहिराती नाहीत. सारा कारभार ऐकणाऱ्यांच्या खिशावर चालतो, आणि त्यातले मोठे खिसे हलक्या हाताने उघडायचं काम मार्लिस ट्वीटनचं. देणग्या विभागाची ती प्रमुख. वर्षभर कुणाच्या गुडघ्याची चौकशी करील, कुणाच्या म्हाताऱ्या कुत्र्याची, आणि मग एके दिवशी जराही न अडखळता मागून मोकळी होईल. ती समोरून आली की आमची अर्धी गल्ली उगाच पाकीट चाचपते.

त्या हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने उत्तरेकडचा प्रक्षेपणाचा मनोरा कोसळला आणि सरोवरापलीकडच्या शेतांवर रेडिओ मुका झाला. संचालक म्हणाले, बर्फ वितळेपर्यंत पैसा उभा राहिला तर ठीक, नाहीतर तो भाग सोडून देऊ. मार्लिस त्याच भागात वाढलेली. तिचे वडील धारा काढताना गोठ्यात हाच रेडिओ लावत. सोडून देऊ, हे तिच्या घशाखाली उतरेना.

सगळी भिस्त ऑर्विल क्वामीवर. लाकडाच्या वखारीवर गबर झालेला, सरोवरापलीकडचा विधुर म्हातारा, पण स्वेटरची कोपरं फाटकी. मार्लिस गाडी काढून त्याच्याकडे गेली. त्याने कॉफी विचारली. ती नको म्हणाली. पुन्हा विचारली, पुन्हा नको. तिसऱ्यांदा, बरं, अर्धा कप. मिनेसोटात सगळे असंच करतात. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस एक तर परगावचा, नाहीतर तीन दिवसांचा उपाशी. खजुराच्या वड्यांचंही तसंच झालं.

मग तिने मागितलं: अर्ध्या मनोऱ्याचा खर्च. ऑर्विलने कप खाली ठेवला.

"अर्धा मनोरा उभा करून त्यावर काय कावळे बसवायचे? सगळाच करतो मी."

"अहो नको नको, एवढं कशाला?" मार्लिस म्हणाली.

आणि जागच्या जागी गोठली. इतक्या वर्षांची नोकरी एकीकडे आणि आईने लावलेलं वळण एकीकडे; वळण जिंकलं. ऑर्विलने सभ्य माणसासारखी मान डोलावली आणि मासेमारीचा विषय काढला. आता आपणच नाकारलेलं पुन्हा मागायचं म्हणजे आमच्याकडे चोरीपेक्षा वाईट.

एकच आशा होती. ऑर्विलही इथलाच. आणि इथे येतो म्हटल्यावर कुणी लगेच जात नाही. निरोप स्वयंपाकघरात सुरू होतो आणि गाडीपाशी संपतो. दारात ती बूट चढवत असताना ऑर्विलने मनोऱ्याचं पुन्हा काढलं. तुमच्यावर फार भार पडेल, असं मार्लिसची जीभ आपणहून बोलून गेली. तिला ती जीभ चावून टाकावीशी वाटली.

ती गाडीत बसली. इंजिन सुरू केलं. काच खाली केली. ऑर्विल खिडकीवर कोपर टेकून निसरड्या रस्त्याबद्दल बोलला, हरणांबद्दल बोलला.

"माझी आर्डिस गेल्यापासून सकाळी स्वयंपाकघरात बोलणारा तो रेडिओच होता गं," तो म्हणाला. "आता मांजराशी बोलतो. त्याला हवामानातलं काही कळत नाही. तर मार्लिस, सगळा मनोरा."

"बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर," मार्लिस म्हणाली आणि तिला पुढचं काही दिसेना. आभार मानायला लागली तर ऑर्विलने हात झटकला.

"दुसऱ्यांदा नको म्हणालीस तेव्हा मी घाबरलो. म्हटलं, हिला खरंच नको की काय."

उन्हाळ्याच्या तोंडाशी मनोरा उभा राहिला. तुमचं नाव रेडिओवर वाचू का, म्हणून मार्लिसने फोन केला. ऑर्विल नको म्हणाला. पुन्हा नको म्हणाला. मार्लिसने शांतपणे तिसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदाही तो नकोच म्हणाला; माझं नको, आर्डिसचं वाचा.

पहिल्या सकाळी हवामानानंतर आर्डिस क्वामी हे नाव साऱ्या शेतांवरून गेलं. मार्लिसच्या टेबलावर टपालाने आलेला खजुराच्या वड्यांचा डबा होता. पहिली वडी तिने कुणी विचारायच्या आत उचलली.