सीतेच्या वेणीची जागा

मालवणच्या बाजारात बांगडे निवडत होतो, तेव्हा शेजारच्या शालनचा फोन आला. "तात्यानू, बेगीन येवा. काकी उठणत नाय." दुपारची जरा आडवी झाली होती, ती तशीच गेली... माझी बायको, इंदू. मला लिहायची सवय नाही. जसं येतं तसं सांगतो.

ती दोडामार्गकडची, दाट झाडीतली. तिथे फणसाच्या खोडावर सीतेची वेणी, म्हणजे आमरीची, ऑर्किडची एक जात, आपसूक वाढते, पावसाच्या तोंडाला गुलाबी फुलांचे लांब तुरे खाली लोंबतात. कुणी पाणीही घालत नाही. लग्न होऊन ती तारकर्लीला आली, समुद्राच्या तोंडावर, आणि सोबत आणलेली वेणी पानांच्या टोकांपासून काळी पडत मेली. तेव्हापासून तिने एक रीत धरली. झाड आणायच्या आधी जागा बघायची. तिथे ओलं फडकं टांगायचं. भराभर सुकलं तर जागा बाद. सुकल्यावर जिभेला लावायचं, खारट लागलं तरी बाद. मी चिडवायचो, "गो, तू झाडाक जागा बघतंस काय चेडवाक घर?"

"चेडू नांदला नाय तर म्हायेराक परत येता," ती म्हणायची. "झाड मुकाट्यान मरता."

शालनने पर्यटकांच्या खोल्यांसाठी नर्सरीतून पांढऱ्या फुलांची महागडी झाडं आणली, ती महिन्यात कुजली. इंदूने तिच्याकडे जाऊन सरळ पान चाटून बघितलं. "पयलो वारो बघ गो, मगे फूल," म्हणाली, आणि आमच्या काजूवरची जाड पानांची, ऊन सोसणारी आमरी तिला तोडून दिली. ती अजून फुलते.

मागल्या पावसात तिच्या माहेरचा फणस पडला. लहानपणापासून बघितलेली वेणी त्याच्यावर होती. त्यातला एवढाच एक गड्डा वाचला, तो ती घेऊन आली. तो मरेना आणि जगेनाही. नवं मूळ फुटेना. विहिरीकडे, आंब्याखाली, मागच्या पडवीत, ती त्याला घेऊन फिरत राहिली. "फणस गेलो. ह्यां तरी जगूक व्हया," एवढंच म्हणायची. आणि ती स्वतःच गेली.

रिवाजाप्रमाणे तिच्या खोलीत दिव्याखाली पीठ पसरलं होतं. पावलं उमटतात म्हणे. काही उमटलं नाही. बाराव्याला तिचा भाऊ म्हणाला, "भावोजी, तां झाड माका द्या. तुमच्याकडे मरतला." खोटं नव्हतं ते. मी म्हटलं, "एक मूळ येता काय बघूया. नायतर घेवन जावा."

मग फडकं माझ्या हातात आलं. सगळीकडे टांगलं, सगळीकडे खारट. उरली फक्त तिची खोली. तिची खिडकी उगवतीला, समुद्राकडे पाठ. मी फडकं पिळून गजाला बांधलं. ते दिवस कोरड्या वाऱ्याचे. अंगणातलं धोतर तासाभरात कडकडीत होत होतं. फडकं संध्याकाळी ओलं. दुसऱ्या दिवशीही ओलं, आणि गार... आत्ताच कुणीतरी पिळून ठेवल्यासारखं. छपराकडे बघितलं, भिंत चाचपली. कुठे गळत नव्हतं. जिभेला लावलं, खारट नव्हतं.

वेणी तिथेच टांगली. थोड्या दिवसांनी हिरव्या टोकाचं मूळ फुटलं. मूळ उजेडापासून पळतं, हे इंदूनेच मला सांगितलं होतं, म्हणून ते खिडकीकडे वळलं नाही याचं मला नवल नाही. पण भिंत जवळ असताना ते हवेतून सरळ तिच्या खाटेकडे निघालं आहे. रोज थोडं पुढे. शालन म्हणाली, "खाट सरकवा तात्यानू, माका भंय दिसता." मी नाही सरकवली.

कबूल केल्याप्रमाणे मेहुणा बघायला आला. उंबऱ्यातच उभा राहिला, मुळाकडे बघत. आत पाऊल टाकलं नाही. "ऱ्हवांदे हयसरच," म्हणाला, आणि चहा न घेता चप्पल घालून निघाला.

आता रोज सकाळी पाणी शिंपडायला मी जातो. दार उघडंच असतं. तरी बाईमाणूस आत असल्यावर खाकरावं तसा मी खाकरतो, आणि जरा थांबतो... अजून तरी आतून कुणी नको म्हटलेलं नाही.