जड खाली, हलकं वर

द्रौपदीचा दिवस सव्वाचारला सुरू होई. पावणेपाचला नळाला पाणी यायचं, त्याआधी हंडे घासून झालेले असले पाहिजेत, असा तिचा नियम. भांडुपच्या टेकडीवरून चालत येऊन आठला ती मुलुंडच्या आमच्या गाळ्यात हजर असे. अकरा वर्षांत दोनदा उशिरा आली. दोन्ही तारखा तिला पाठ होत्या.

गाळ्यात पितळी नळ बनत. मी लेथवर, ती पॅकिंगला. नळ तळाला, रबरी वायसर आणि कागदी पिशव्या वर. जड खाली, हलकं वर. नव्या बायकांनी उलटं भरलं तर ती बोलत नसे. खोकं उघडून सगळं टेबलावर ओतायची आणि पुन्हा भरायला लावायची. खोकं बंद करण्याआधी नग दोनदा मोजायची. मालक समोर उभा असला तरी दोनदा.

तिची मुलगी माधुरी गेल्या वर्षी दहावी झाली. एकोणनव्वद टक्के. तिला सायन्स घ्यायचं होतं, तेही स्टेशनजवळच्या कॉलेजात, कारण तिथली प्रयोगशाळा चांगली. अकरावीचे अर्ज ऑनलाइन. पहिल्या भागात माहिती, दुसऱ्या भागात कॉलेजांची यादी, पसंतीच्या क्रमानं, जास्तीत जास्त दहा. द्रौपदी जेवणाच्या सुट्टीत दोन दिवस कॉलेजांच्या फाटकांवर जाऊन आदल्या वर्षीचे कटऑफ वहीत उतरवून आली. जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं भरलेल्या यादीचा कागद माझ्यापुढे धरला. "धाकूदादा, बघा."

सर्वांत वर टेकडीखालचं कॉलेज, कटऑफ एकसष्ट. शेवटी, दहाव्या नंबरवर, स्टेशनजवळचं, कटऑफ अठ्ठ्याऐंशी.

"पक्कं ते वर. अवघड ते तळाला," ती म्हणाली.

मला पटलं. "बरोबर आहे की."

"कुणी सांगितलं बरोबर?"

"मी सांगतोय."

"तुम्ही अकरावीला कधी बसलात?"

मी सातवीला शाळा सोडली. तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि माधुरीला घेऊन मार्गदर्शन केंद्रावर गेली. यादी बदलायची मुदत त्याच दिवशी सहापर्यंत होती.

पुढचं तिनं मला नंतर सांगितलं. केंद्रावर अबोली मॅडम होत्या. त्यांनी कागद पाहिला आणि चष्मा काढला.

"ताई, पहिल्या नंबरला हे का?"

"तिथं नक्की मिळेल."

"मग तेच मिळेल. आणि पहिल्या पसंतीचं मिळालं की घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांतून बाहेर."

"पण खाली स्टेशनजवळचं लिहिलंय ना?"

"कॉम्प्युटर वरून खाली वाचतो. जिथं मार्क बसतात तिथं थांबतो."

द्रौपदी म्हणाली, "म्हणजे खोकं वरून उघडतो आणि हाताला पहिलं लागेल ते घेतो. तळ बघतच नाही."

"अगदी तसं," मॅडम हसल्या.

"आई, मी तुला घरी हेच सांगत होते," माधुरी म्हणाली.

"तू सांगत नव्हतीस. तू पुटपुटत होतीस."

अर्ज उघडायला फोनवर आकडे येणार होते. फोन द्रौपदीचा, आणि तो गाळ्यात तिच्या पिशवीत राहिलेला. साडेचारला माझ्या फोनवर माधुरीचा नंबर आला. बोलत होती द्रौपदी.

"दादा, माझ्या पिशवीतला फोन काढा. सहा आकडे आलेत, वाचा."

मी लेथ बंद केला, हात पुसले, वाचले.

"पुन्हा वाचा."

"एकदा वाचले ना."

"पुन्हा."

पुन्हा वाचले. पहिल्या खेपेला तीन आणि आठ मी उलटे वाचले होते. मला ते लक्षात राहिलंय. सव्वापाचला यादी उलटी होऊन बंद झाली. हवं ते वर, पक्कं ते तळाला.

पहिल्या फेरीत तिसऱ्या पसंतीचं लागलं. मी म्हटलं, घेऊन टाक. तिनं मलाच नियम समजावला. "सक्ती पहिल्याची. तिसरं सोडलं तरी आपण पुढच्या फेरीत आहोत. आणि तळाला पक्की दोन आहेत."

"आणि नाही लागलं तर?"

"तर तळातलं घेईन. मोजूनच भरलंय, दादा."

तरी त्या आठवड्यात तिनं खोक्यांतले नग तीनदा मोजले. दुसऱ्या फेरीत स्टेशनजवळचं लागलं. तिनं गाळ्यात प्रत्येकाला एक-एक पेढा दिला. मला दोन. वाचन सुधारा म्हणाली.

मी महिनाभरानं निवृत्त झालो. जाण्याआधीच्या शनिवारी ती कामावर एक पिशवी घेऊन आली होती. सुटल्यावर माधुरीला द्यायची होती. चार रविवारच्या जादा कामाच्या पैशातून घेतलेलं सामान. तिनं ते टेबलावर काढून दाखवलं आणि परत भरलं. तळाला फिजिक्स, केमिस्ट्रीची जाड पुस्तकं, मग जर्नल, आणि सगळ्यांच्या वर घडी न मोडता प्रयोगशाळेचा पांढरा कोट.