तापमानाला हात लावायचा नाही

रुग्णालयाच्या संगणक विभागात त्यांना ‘कुलूपबाई’ म्हणत. बाईंनी त्यावर कधी तक्रार केली नाही. नाव बदलण्याची रीतसर सोय नव्हती, एवढेच त्यांचे म्हणणे.

घरी सासूबाईंचा साखरेचा डबा होता. त्यात कोणी हात घालायचा नाही. मागायचे, मग त्या कोरड्या चमच्याने देत. वीस वर्षांत त्या साखरेला पाणी सुटले नव्हते. बाईंचे प्रोग्रॅमिंगचे खरे शिक्षण त्या डब्यापाशी झाले.

रक्तपेढीच्या फ्रिजची माहिती प्रोग्रॅमच्या ज्या कप्प्यात, म्हणजे ‘क्लास’मध्ये, होती, त्यातले तापमान सर्वांना उघडे होते. येईल त्याने बदलावे. स्क्रीनची मांडणी करणारे एक सहकारी, ज्यांना ‘रंगारी’ म्हणत, धोक्याच्या लाल रंगाला फार भीत. पाहुण्यांसमोर स्क्रीन हिरवी दिसावी म्हणून त्यांनी एकदा तापमानात थेट चार अंश हा बिनधोक आकडा भरला आणि काढायला विसरले. फ्रिज बंद पडला तरी स्क्रीन चारच सांगत राहिली. सकाळी रक्ताच्या सव्वीस पिशव्या टाकून द्याव्या लागल्या.

बाईंनी त्याच दिवशी तापमान प्रायव्हेट केले. वाचायचे असेल त्याने विचारावे. आकडा बदलेल तो केवळ तापमापकाच्या नोंदीने, तोही तपासून. लगेच प्रोग्रॅम सतरा जागी अडला, जिथे जिथे तापमानाला थेट हात घातलेला होता तिथे. त्यांतल्या अकरा जागा रंगाऱ्यांच्या होत्या.

“बाई, एखादी फट तरी ठेवा. दिलेला आकडा मुकाट्याने घेणारी.”

“म्हणजे दाराला कुलूप आणि किल्ली कडीलाच.”

“तुमचा माझ्यावर विश्वास नाही.”

“तुमच्यावर आहे. तुमच्या हिरव्यावर नाही.”

विभागाच्या साहेबांनी विषय थोडक्यात आटोपला. “गुरुवारी पाहणी आहे. लाल दिसलं तर पेढीचा परवाना जाईल, आणि त्याच्या मागोमाग तुमची खुर्ची.”

गुरुवारी पाहणी अधिकारी आले. त्यांनी फ्रिजचे दार उघडले आणि पिशव्या मोजता मोजता आपल्या गुडघेदुखीची हकिगत सविस्तर सांगितली. स्क्रीनवर पाच झाले, सहा झाले. सातला ती लाल झाली.

साहेब बाईंच्या कानाशी लागले. “चार करा.”

“माझ्याही हातात नाही, साहेब. मीच काढून घेतलंय.”

अधिकाऱ्यांनी खिशातला तापमापक आत धरला, बराच वेळ पाहिला.

“सात. जुळतंय.” त्यांनी दार लावले. “या आठवड्यात तीन पेढ्या पाहिल्या. दार उघडं ठेवलं तरी तिथे चारच. तिन्हींचे परवाने थांबवलेत.”

साहेबांनी रंगाऱ्यांकडे पाहिले. रंगारी स्क्रीनकडे पाहत होते. ती हळूहळू, आपली आपण, हिरवी झाली.

संध्याकाळी बाईंनी हे सारे सासूबाईंना सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि चहात साखर घातली.

“सगळं खरं,” त्या म्हणाल्या, “पण एवढा वेळ दार उघडं ठेवतात का?”