दव म्हणून सोडलेला अलार्म

आमच्या गावच्या धरणाच्या पाण्यावर सौर पॅनेलं तरंगतात. बांधावरच्या केबिनमध्ये बसून पडद्यावर त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, ही माझी नोकरी. पहाटे दव पडलं की तिसऱ्या रांगेचा अलार्म वाजायचा: वीज तारेबाहेर झिरपते आहे. नऊपर्यंत ऊन चढून पॅनेलं सुकली की तो गप्प व्हायचा. म्हणून तो वाजला की आम्ही लगेच बंद करायचो आणि नोंदवहीत एकच शब्द लिहायचो, 'दव'. मीही लिहिला, कित्येक महिने. मी, जिनं घरात पडलेल्या कामगार युनियनच्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मुळाक्षरं गिरवली. 'कामगाराच्या जिवाशी खेळ थांबवा' हे मला पाढ्यांआधी पाठ होतं.

त्या दिवशी दहा वाजले, ऊन कडकडीत, तरी अलार्म थांबेना. आणि पाणकावळ्यांची घाण धुणारे काका त्याच रांगेवर होते. गावातलेच, साठी उलटलेले. सकाळी लाइफ जॅकेटवरून आमचं भांडण झालं होतं. "गो, माका पोवाक शिकवतंस?" म्हणत शेवटी त्यांनी ते घातलं होतं.

साहेबांना फोन केला.

"अगं, दव असेल. रीसेट कर."

"साहेब, दहा वाजलेत. रांगेवर माणूस आहे."

"रांग बंद पडली तर वर उत्तर कोण देणार? तू?"

मी फोन ठेवला, इन्व्हर्टर बंद केला. पण पॅनेलवर ऊन आहे तोवर त्याच्या तारांत वीज राहतेच. सूर्य बंद करायचं बटण माझ्याकडे नव्हतं. मी बांधावरून धावत सुटले.

"काका, खंयच हात लावू नकात! थंयच बसून ऱ्हवा!"

वारा त्यांच्याकडून माझ्याकडे वाहत होता. त्यांनी कानाशी हात नेला.

"काय गो? चाय इली? येतंय, येतंय!"

आणि उठताना आधाराला त्यांनी पॅनेलची चौकट धरली.

ते ताठ झाले आणि तसेच पाण्यात पडले. मी कमरेपर्यंत पाण्यात उतरले आणि थांबले. पुढच्या पाण्यात वीज असेल, या भीतीनं माझा पाय उचलेना. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, पण इथे लिहायलाच हवी. जॅकेटनं त्यांना वर ठेवलं, वाऱ्यानं माझ्याकडे ढकललं. मी त्यांना फक्त शेवटचं दोन हात अंतर ओढलं.

रुग्णवाहिका बोलावली. ती येईतो ते बांधावर पडून होते. श्वास चालू होता, उजवी मूठ आवळलेली. केबिनमध्ये साहेबांचा फोन पुन्हा पुन्हा वाजत होता. रांग बंद का, हे विचारायला तो वाजतोय, हे काकांनीही ओळखलं.

"साहेबाक सांग गो," ते पुटपुटले, "उद्या येतलंय. डाव्या हातान धुवन टाकतलंय."

मी त्यांची बोटं एकेक करून उघडायला बघत होते. ती उघडत नव्हती.