दोन व्याही आणि डोंगरातला रेल्वे पास

“आम्ही मुलीकडची माणसं. नाना म्हणतील तसं,” आप्पा म्हणाले.

“छे छे, आप्पा वयानं मोठे. ते सांगतील ते,” नाना म्हणाले.

आणि दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

दौंडात माझं ट्रॅव्हल्सचं छोटं ऑफिस आहे. समोरचे दोघं एकमेकांचे व्याही. आप्पा मांडवगण फराट्याचे, घरी ऊस आणि मोठा गोठा. नाना इथलेच, मालगाडीवर गार्ड होते, आता रिटायर. आप्पांची लेक आणि नानांचा मुलगा स्वित्झर्लंडमध्ये नोकरीला. त्यांनी दोन्हीकडच्या आईवडिलांना जूनमध्ये बोलावलं होतं. मधला एक आठवडा पोरांना सुट्टी नव्हती, म्हणून तेवढे दिवस ही चौघं डोंगरातल्या एका गावात राहणार होती. त्या आठवड्यासाठी रेल्वेचा रीजनल पास काढायचा का, एवढाच प्रश्न होता.

रीजनल पास म्हणजे एका भागापुरता पास. तिथल्या गाड्या, बस, तळ्यातल्या बोटी, कशातही चढा, कितीदाही चढा. त्या भागाबाहेर गेलात की तो नुसता कागद. परवडतो का, हे बघायची रीत सोपी आहे. रोज कुठं जाणार ते मांडायचं आणि सुट्या तिकिटांशी ताडून बघायचं. भटक्या माणसाला पास फायद्याचा, बैठ्या माणसाला तोट्याचा.

अडचण माझ्या स्वभावाची. पासवर मला कमिशन मिळतं. त्यामुळं “पास घ्या” म्हणताना माझी जीभ अडखळते. गिऱ्हाइकाला तो खरंच हवा असला तरी आपण त्याला फसवतोय असं वाटतं. बायको म्हणते, “तुम्ही दुकानदार कशाला झालात? मौलवी व्हायचं होतं.”

“रोज फिरणार का तुम्ही?” मी विचारलं.

“म्हंजी काय! नानांना आवडंल तिथं,” आप्पा म्हणाले.

“आप्पा थकेपर्यंत फिरायचं,” नाना म्हणाले.

हिशेबानं पास चोख बसत होता. तेवढ्यानंच माझी जीभ पुन्हा अडखळली. “उद्या फायनल करू,” म्हणून मी त्यांना चहा पाजून पाठवलं.

सकाळी शटर उघडतोय तोवर नाना एकटेच हजर.

“शकीलभाई, आतली गोष्ट सांगतो. मला गाडी नको. सगळी नोकरी शेवटच्या डब्यात हादरे खात गेली. मला तिकडं एक बाकडं हवं, आन् समोर बर्फ. बास.”

“मग काल बोलला का नाहीत?”

“आप्पांच्या शिरूर तालुक्यात रेल्वे नाही हो! त्यांना केवढी हौस असेल. व्याह्याचा हिरमोड करू का? तुम्ही पास काढा. पण हे त्यांना कळता कामा नये.”

दुपारी आप्पांचा फोन आला. मागं विहिरीवरच्या मोटारीची धडधड चालू होती.

“शकीलभाई, आपल्यातच ठिवा. मला रेल्वेचं काय बी न्हाई. त्या गावात गायांचा गोठा हाय म्हणं, पोरीनं फोटू धाडला व्हता. मी तिथनं हलायचो न्हाई. पण नाना पडले रेल्वेतले. गाडीबिगर त्यांना करमायचं न्हाई. तवा पास काढा. आन् नानांना बोलू नगा.”

मी फोन ठेवला आणि डोकं धरलं. ज्यांना पास नको, ते दोघं मला पास काढायला लावत होते. काढला तर मी लबाड. नको म्हणालो तर कारण सांगावं लागणार, आणि दोघांना शब्द दिलेला. मान राखण्याच्या नादात त्यांचा आख्खा आठवडा नको त्या गाडीत जाणार होता. पुन्हा कधी एवढ्या लांब जाणार होती ही माणसं?

शेवटी एक बारीकशी लबाडी केली. इन्शुरन्सच्या कागदांवर सह्या लागतात म्हणून चौघांनाही बोलावलं. सह्या खरंच लागत होत्या, पण तेवढ्यासाठी घाई नव्हती. आप्पांच्या शांताकाकू आणि नानांच्या नलूमावशी शेजारी शेजारी बसल्या. मी विषय काढला आणि व्याह्यांचं “तुम्ही सांगा, तुम्ही सांगा” पुन्हा सुरू झालं.

शांताकाकूंनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

“शकीलभाऊ, पास दोनच काढा. माझा आन् विहीणबाईंचा.”

“अगं, आन् आम्ही?” आप्पा दचकले.

“तुम्ही बसा गायांपाशी. नाना बसत्याल बाकड्यावर.”

नाना माझ्याकडं डोळे वटारून बघायला लागले. मी दोन्ही हात वर केले.

“त्यांच्याकडं काय बघताय?” नलूमावशी म्हणाल्या. “आमचं फोनवर कधीच ठरलंय. तुमची ड्यूटी असायची तेव्हा मी तीस वर्षं क्वार्टरच्या खिडकीतून जाणाऱ्या गाड्या बघितल्या. आता मी गाडीतून क्वार्टरं बघणार.”

दोन दिवस मी दोन व्याह्यांना विचारत होतो. दोन विहिणींना विचारावं हे मला सुचलंही नव्हतं. त्याची लाज वाटली, पण त्या दिवशी फार वर्षांनी मी कमिशन निर्धास्त मनानं घेतलं. दोन पास, ज्यांना हवेत त्यांना. घरी जाताना बायकोसाठी जिलेबी घेतली.

जून उजाडला. पहिला फोटो आला तो विहिणींचा. डोंगरातल्या लाल गाडीत दोघी, शांताकाकूंच्या अंगात जावयाचं जॅकेट. दुसऱ्या दिवशी बोटीतला, तिसऱ्या दिवशी बर्फातला. व्याह्यांचा मात्र एकही फोटो नाही. मला पुन्हा टोचणी लागली.

परत आल्यावर आप्पा पेढे घेऊन आले.

“गोठा कसा होता, आप्पा?”

“रिकामा! निस्ता झाडून ठेवल्याला. तिकडच्या उन्हाळ्यात समद्या गाया वरच्या कुरणात नेत्यात. आन् वर जायाला काय, तर रेल्वे!”

मी हातातला पेढा खाली ठेवला. म्हणजे आप्पांनाच पास हवा होता. मी गाड्यांचं टाइमटेबल पाठ केलं होतं, गायींचं विचारलं नव्हतं. “आप्पा, चूक माझी. तुमच्या तिकिटांचे जास्तीचे पैसे...”

“गप बसा वो. नानांना काय सांगायचं ह्येच पडलं व्हतं. त्यांना एकटं टाकून गाडीनं हिंडायचं, बरं दिसतं का? मग ‘पाय मोकळं करतो’ म्हनलं आन् गुपचूप स्टेशन गाठलं. तिकीट काढलं, पयल्या डब्यात चढलो. बघतो तर आत नाना!”

“नाना? गाडीत?”

“बाकड्यावर बसून कंटाळले व्हते. म्हनले, नोकरीभर सगळी गाडी आपल्या म्होरं असायची, आता पयल्या डब्यात बसून ती मागं कशी दिसती ते एकदा बघू.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? खिडकीची एकच जागा रिकामी. मी म्हनलं, नाना, बसा. ते म्हनले, आप्पा, तुम्ही मोठे, तुम्ही बसा.”

“कोण बसलं शेवटी?”

“कुणी न्हाई. कुरण येईस्तवर उभंच होतो दोघं.”