खोट्या पेशंटचं जेवण
दोन दिवस पोटात काही टिकत नाही असं सांगायचं असताना मी बिसीबेळे भात, म्हणजे इथला डाळ-भाज्यांचा झणझणीत भात, खाल्ल्याचं सांगून बसले होते; शेजारी त्या भाताचा वास सुटला की अजून स्वतःचंच हसू येतं. नव्वद सालानंतरची गोष्ट. जयनगरच्या एका नर्सिंग कॉलेजातल्या बाई, पेशंटशी कसं बोलावं हे मुलींना शिकवायला खोटे पेशंट आणून पाहत होत्या. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत मी दोनदा मरून टाळ्या घेतलेल्या, तेव्हा मोठ्या तोऱ्यात खाटेवर कण्हत पडले. स्पिरिटचा वास, कडक चादर, कोपऱ्यात गुण द्यायला बसलेल्या बाई आणि समोर आधी एकदा नापास झालेली मुलगी. पुन्हा नापास झाली तर तिचं वर्ष जाणार होतं. तिने माझा हात धरून विचारलं, "ऊट आय्ता, अक्का?" जेवलात का, हे इथे कानडी मुलखात येताजाता कुणीही विचारतं. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आय्तु, बिसीबेळे भात!" बाईंचं पेन थांबलं. घालवलं मी पोरीचं वर्ष! पण ती गडबडली नाही. स्टूल जवळ ओढून हळूच म्हणाली, "असं सगळेच म्हणतात, अक्का. आता खरं सांगा, खाल्लेलं पोटात राहिलं का?" नाटक विसरून मी नाही म्हणून मान हलवली, आणि बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. आता खरीखुरी आजारी पडते तेव्हा तसं विचारणारं कुणी हवं होतं असं वाटतं. त्या दिवशी पास झाल्याचं कळल्यावर ती माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "अक्का, आजारी तुम्ही झकास पडता, पण पुढच्या वेळी उपाशी या!"